मनाचा डॉक्टर शोधताना



टिळकवाडीत गुडघ्याचा डॉक्टर कोण चांगला हे विचारायला कुणी लाजत नाही. वॅक्सिन डेपोत सकाळी फिरायला आलेल्या चार ज्येष्ठांना विचारा, पाच नावं मिळतील. मिरजेला जावं की कोल्हापूरला, बिल किती झालं, कुणाच्या टाक्यात पू झाला, सगळा इतिहास फुकट. पण मनाचा डॉक्टर कोण चांगला, हा प्रश्न दुपारच्या वेळी फोनवर येतो. दार लोटून घेतलेलं असतं आणि सुरुवात ठरलेली असते : "आमच्या ओळखीच्या एका बाईंसाठी विचारतेय हं." मला असे फोन बरेच येतात, कारण आमच्या घरात हा शोध एकदा होऊन गेलाय आणि आम्ही तो लपवला नाही.

अलीकडं या फोनांत एक नवा शब्द आलाय. "गोळ्या देणारा नको गं, पॉझिटिव्ह सायकॉलॉजीवाला कुणी आहे का बघ." या मागणीबद्दल माझं जे मत झालंय ते आज लिहिते. आधी थोडक्यात सांगून टाकते : सकारात्मक मानसशास्त्र ही खरी, अभ्यासलेली विद्या आहे आणि आपल्यासारख्या घरांना तिचा उपयोगही आहे. पण ते शब्द पाटीवर आहेत म्हणून माणूस निवडू नका. त्याचं मूळ शिक्षण काय, तो दुःख ऐकून घेतो का आणि तुमच्या भाषेत ऐकतो का, हे आधी बघा.

आता ही विद्या आली कुठून ते बघू. मार्टिन सेलिगमन हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. १९६०च्या दशकात त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. विजेचा धक्का चुकवणं ज्यांच्या हातात नव्हतं, त्यातली बरीच कुत्री पुढं सुटायची वाट मोकळी असतानाही उठेनात, तिथंच पडून राहिली. याला त्यांनी शिकलेली असहायता म्हटलं. पण काही कुत्री काही केल्या हार मानेनात. ती का मानत नाहीत, या प्रश्नाच्या मागं सेलिगमन पुढं बरीच वर्षं लागले. १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी जाहीरपणे मांडलं की दुसऱ्या महायुद्धानंतर आपलं शास्त्र फक्त आजार मोजत बसलंय, माणूस उभा कशावर राहतो तेही मोजायला हवं. २००४ मध्ये ख्रिस्तोफर पीटरसन यांच्यासोबत त्यांनी माणसाच्या २४ गुणबलांची यादी केली : कुतूहल, चिकाटी, न्यायबुद्धी, विनोदबुद्धी, कृतज्ञता अशी. पुढं तय्यब रशीद वगैरे सहकाऱ्यांबरोबर नैराश्याच्या रुग्णांसाठी या विचारावर उपचारही बांधला.

लक्षात घ्या, यात कुठंही "दुःखी होऊ नका" असं म्हटलेलं नाही. आजाराचा अभ्यास बंद करा असंही नाही. आपल्याकडं मात्र हे सगळं मोबाईलवरून येईपर्यंत त्याचं "बी पॉझिटिव्ह" होऊन जातं. सूर्योदयाचं चित्र, खाली दोन ओळी, आणि पाठवणारा मोकळा.

आमच्या घरातली गोष्ट सांगते, म्हणजे फरक कळेल. आमचे मोठे काका, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. बँकेतून निवृत्त, दुसऱ्या गेटच्या पलीकडं जुनं कौलारू घर. मुलगा बेंगळुरूला, मुलगी पुण्याला. काकू गेल्या आणि अण्णा हळूहळू विझत गेले. आम्हाला आधी कळलं ते पेपरवरून. 'तरुण भारत' रबर बँडसकट कोपऱ्यात पडायला लागला. ज्या माणसानं चाळीस वर्षं चहाआधी पेपर वाचला, त्याच्या कोपऱ्यात पंधरा दिवसांच्या गुंडाळ्या. पहाटे तीनला जाग. पँट कमरेवर थांबेना. नातेवाईक म्हणायचे, वयच झालंय, चालायचंच. कुणी मनाचे श्लोक म्हणायला सांगितलं, कुणी गाणगापूरला नेऊया म्हणालं. विचारलं की अण्णांचं एकच : "मला काय झालंय की? जेवतोय, झोपतोय."

मुलानं काळजीपोटी इंटरनेटवरून एक आनंद-प्रशिक्षक गाठला. दहा बैठकांचे पैसे आगाऊ. त्यांनी अण्णांना सांगितलं, रोज आरशासमोर उभं राहून २१ वेळा "मी आनंदी आहे" म्हणायचं. अण्णा म्हणाले, "आरशात बघून खोटं बोलायचं काय की?" तिसऱ्या बैठकीत त्या गृहस्थांनी काकूंचा फोटो समोरच्या भिंतीवरून काढायला सांगितला, निगेटिव्ह एनर्जी येते म्हणून. अण्णांनी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत. त्याचं दुःख नाही, पण मनाच्या डॉक्टरकडं पुन्हा जायचं नाव काढलं की अण्णा उठून आत जायचे, हे नुकसान मोठं होतं.

नंतर एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाई मिळाल्या. पहिली बैठक पाऊण तासाची. त्यांनी आनंदाचा विषयही काढला नाही. झोप, भूक, वजन, रक्तदाब, घरात एकटे किती तास असता, औषधं कोणती. मग तशाच शांत आवाजात विचारलं, "अण्णा, जीव द्यावासा वाटतो का?" मी शेजारी बसलेली, माझ्या पोटात गोळा आला. असं कुणी तोंडावर विचारतं का? अण्णा खिडकीकडं बघत म्हणाले, "कधी कधी वाटतं. रेल्वेचा आवाज आला की."

टिळकवाडीत राहणाऱ्याला हे वाक्य काय आहे ते सांगायला नको. आपल्याकडं दिवसातून किती वेळा तो आवाज येतो!

असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही आपल्याकडची ठाम समजूत. जागतिक आरोग्य संघटना गेली कित्येक वर्षं सांगतेय की तसं होत नाही, उलट विचारल्यानं माणूस मोकळा होतो. बाईंनी त्याच दिवशी मुलाला फोन करून काही दिवस घरी यायला सांगितलं आणि अण्णांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. त्यांनी थायरॉइड, बी-१२ वगैरे तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या. झोप परत यायला लागल्यावर, साधारण दीड महिन्यानं, बाईंनी आपलं काम हाती घेतलं. ते काम म्हणजे सकारात्मक मानसशास्त्र. त्यांच्या पाटीवर तो शब्द नव्हता.

त्यांचा प्रश्न होता : "गल्लीतले लोक तुमच्याकडं कशासाठी यायचे?"

अण्णा म्हणाले, "कागद वाचून घ्यायला."

सीमाभागाबाहेरच्या वाचकांना हे सांगावं लागेल. आमच्याकडं हेस्कॉमचं लाइट बिल असो, महापालिकेची घरपट्टीची नोटीस असो की जमिनीचा उतारा, कागद कन्नडमध्ये येतो. मराठी शाळेत शिकलेली जुनी माणसं कन्नड बोलतात झकास, पण वाचता येत नाही. अण्णा नोकरीत कन्नड लिहायला-वाचायला शिकले. त्यामुळं गल्लीतला प्रत्येक अवघड कागद आमच्या ओसरीवर यायचा. अण्णा चष्मा लावून वाचायचे, मराठीत सांगायचे, उत्तर लिहून द्यायचे. काकू गेल्यावर लोकांनी यायचं थांबवलं. बिचाऱ्यांना त्रास नको म्हणून. प्रत्येकानं चांगुलपणानंच केलं, आणि अण्णांच्या हातातलं शेवटचं काम गेलं.

बाईंनी ठरवून दिलं : दर गुरुवारी संध्याकाळी एक तास ओसरीवर बसायचं, कुणी येवो न येवो. पहिल्या गुरुवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या गुरुवारी मागच्या घरातल्या वहिनी घरपट्टीची नोटीस घेऊन आल्या. दंड लागायच्या बेतात होता. अण्णांनी अर्ज लिहून दिला, तोही आधी कच्चा आणि मग पक्का, बँकेच्या सवयीनं.

दुसरा गृहपाठ वहीचा. दिवसात बऱ्या गेलेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढं ती का घडली हे लिहायचं. हा व्यायाम जगभर प्रसिद्ध आहे. सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्यावरचा अभ्यास छापला. आठवडाभर हे करणाऱ्यांची उदासी कमी झाली आणि फरक सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला. मात्र तो अभ्यास इंटरनेटवरून आपणहून आलेल्या लोकांवर होता, हे विसरू नये. गंभीर नैराश्यातल्या माणसाला नुसती वही देऊन भागत नाही. आणि मोबाईलवर फिरणाऱ्या आवृत्तीत "का घडली" हा अर्धा भाग गळालेला असतो, जो माझ्या मते खरा औषधाचा भाग आहे. अण्णांच्या वहीत पहिले चार दिवस "आज काही नाही" एवढंच आहे. बाई म्हणाल्या, चालेल, तारीख तेवढी टाकत जा. पाचव्या दिवशी लिहिलंय : "कॉफी जमली. कारण, दूध उतू जायच्या आधी उठलो."

ते "उठलो" वाचून मला वाटलं, आता हा माणूस सापडला. आरशातल्या एकवीस वाक्यांत हे कधीच आलं नसतं. "मी आनंदी आहे" यावर अण्णांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. दूध उतू जायच्या आधी मी उठलो, याला पुरावा होता. बँकेतल्या माणसाला व्हाउचर लागतं!

काकूंचा फोटो जागेवरच आहे. उलट दोन बैठका फक्त काकूंबद्दल बोलण्यात गेल्या. अण्णा आज रोज हसत असतात असं काही नाही. पावसाळ्यात खालीवर होतं, गोळीही अजून एक चालू आहे. पण गुरुवार चुकत नाही आणि पेपर उघडलेला असतो.

आता शोधायचं कसं ते सांगते.

आपल्या देशात "सकारात्मक मानसशास्त्राचा तज्ज्ञ" अशी वेगळी सरकारी नोंदणी नाही. म्हणून मूळ शिक्षण बघायचं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर; गोळ्या तोच देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. वा एम.एस्सी. करून पुढं सहसा दोन वर्षांचं एम.फिल. केलेली व्यक्ती. भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं, तिची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारला तर चांगला माणूस रागावत नाही. समुपदेशक मात्र उत्तम शिकलेलाही असतो आणि चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलाही असतो. पाटी दोघांची सारखीच दिसते. लाइफ कोच, हॅपिनेस कोच यांना तर कुणीच विचारत नाही.

पहिल्या भेटीत किंवा फोनवर एवढं विचारा :

१. तुमचं शिक्षण आणि नोंदणी काय?
२. सकारात्मक मानसशास्त्र तुम्ही कशाबरोबर वापरता? "फक्त तेच" असं उत्तर आलं तर सावध व्हा.
३. त्रास वाढला तर कुठल्या डॉक्टरकडं पाठवता? पाठवायची जागा नसलेला माणूस नको.
४. फी बैठकीमागं आहे की पॅकेज? पॅकेज असेल तर हात जोडा.
५. कुठल्या भाषेत बोलता?

शेवटचा प्रश्न आपल्या भागात पहिल्याइतकाच महत्त्वाचा. पु. ल. देशपांडे आपल्या आरपीडी कॉलेजात काही काळ शिकवायला होते, आणि 'गणगोत'मधले त्यांचे रावसाहेब बेळगावचे. कानडी हेल, मराठी शब्द, शिवीत माया. त्या रावसाहेबांना शुद्ध पुस्तकी मराठीत किंवा इंग्रजीत दुःख सांगायला बसवा, काय सांगतील? आपली मुलं बेंगळुरूहून इंग्रजी बोलणारा थेरपिस्ट व्हिडिओवर बांधून देतात. आई-बाबा शहाण्यासारखे "यस, आय अ‍ॅम फाइन" म्हणतात आणि बैठक संपते. ज्या भाषेत माणूस भांडतो त्या भाषेत त्याला रडताही यायला पाहिजे. नव्या पिढीतल्या कुणाला इंग्रजीच जवळची असेल तर त्याला इंग्रजी. प्रश्न अस्मितेचा नाही, सोयीचा आहे.

जागा म्हणाल तर आपण अगदी वाळवंटात नाही. बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि केएलई, दोन्हीकडं वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मनोविकार विभाग आहेत. धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था जुनी, दीड-दोन तासांवर. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, तिकडं जायला संकोच नको. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केलेली आयपीएच संस्था मराठीतून मनाबद्दल बोलण्याचं मोठं काम करते. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडं रुजवली. म्हणजे मराठीत या विषयाला शब्द नाहीत असं कुणी म्हणू नये. आणि रात्री-अपरात्री काही सुचेना तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. फ्रिजवर लिहून ठेवा.

बातमी फुटेल ही भीती असते. छोटं गाव, सगळे ओळखीचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुप्ततेचा हक्क दिलाय. जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय उपचार करणाऱ्यानं कुणाला काही सांगायचं नाही. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांना सांगितलंय की शरीराच्या आजारासारखंच मनाच्या आजारालाही संरक्षण द्या. पॉलिसी काढून बघा एकदा.

शेवटी एक कडू गोष्ट. "पॉझिटिव्हवाला बघ" अशी मागणी दर वेळी दुखणाऱ्या माणसाकडून येत नाही. कधी घरच्यांकडून येते, ज्यांना फक्त घरातली कुरकुर थांबायला हवी असते. सून उदास आहे म्हणून तिला समुपदेशकाकडं न्यायचं, पण सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंतच्या कामाबद्दल बोलायचं नाही. मुलीला मार्कांवरून रोज टोचायचं आणि आत्मविश्वास वाढवायला कोर्स लावायचा. घरात मार खाणाऱ्या बाईच्या हातात कृतज्ञतेची वही देणं हा उपचार नाही, अन्याय आहे. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी थकलेली असेल तर तिला आधी मजुरी मिळाली पाहिजे, तीन चांगल्या गोष्टी मग लिहील ती. चांगला थेरपिस्ट हे ओळखतो आणि घरच्यांनाही आत बोलावून चार शब्द सुनावतो. ते ऐकायची तयारी असेल तरच त्याचा पत्ता विचारा.

आपल्या घरांत माया कमी नाही. अण्णांच्या गल्लीत प्रत्येकानं मायेपोटीच त्यांना एकटं सोडलं होतं. तेव्हा तुमच्या माहितीतला कुणी गप्प झालेला ज्येष्ठ असेल तर त्याला व्हिडिओ पाठवू नका. झोप लागते का विचारा, जेवण जातं का विचारा, आणि त्याला येणारं एखादं काम घेऊन त्याच्या दारात जा. कागद वाचून घ्या, लोणच्याचं प्रमाण विचारा, पेटीचा भाता दुरुस्त करून मागा. चार-सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर डॉक्टर गाठा. मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी गाठा, आणि तोवर त्याला एकटं ठेवू नका.

तुमच्याकडं बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागातला चांगला अनुभव असेल तर खाली लिहा. रुग्णाचं नाव नको, आजाराचा तपशील नको. डॉक्टर किंवा संस्था कुठली, भाषा कुठली, ऐकून घेतात का, एवढं पुरे. गुडघ्याच्या डॉक्टरचं लिहितो तसंच, मोकळेपणानं.